बायोमेडिकल सायन्स, पहिलं वर्ष: वाचलेलं टिकतच नाही, अभ्यास कसा करू?

रातकिडा

नमस्कार मंडळी. बायोमेडिकल सायन्सच्या डिग्रीचं पहिलं वर्ष चालू आहे, एक सेमिस्टर झाली. शाळेत बायोलॉजीत मी कधी मागे पडले नव्हते पण इथे फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री दोन्हीत जेमतेम काठावर पास. वेळ देत नाही असंही नाही, रोज रात्री नोट्स काढून बसते, हायलाइट करते, वाचताना सगळं कळतं आणि पेपर हातात आला की पाटी कोरी. दुसऱ्या सेमिस्टरलाही पहिले पाढे पंचावन्न होणार असं दिसतंय. प्रॅक्टिकलला माझी रीडिंग्ज कुणाशीच जुळत नाहीत. त्यात घरी येणारा प्रत्येकजण विचारतो की मग तू डॉक्टर होणार का, आणि मला धड उत्तर देता येत नाही. विषय मनापासून आवडतो, सोडायचा अजिबात नाहीये. ज्यांनी ही डिग्री केलीय त्यांनी प्लीज सांगा नेमकं काय बदलू. अॅप, पद्धत, वेळापत्रक, काहीही सुचवा.

कोरांटी

"वाचताना सगळं कळतं" इथेच गोची आहे बघ. चौथ्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं म्हणून आपण समजतो की आलं, पण पेपरात कुणी पान दाखवत नाही, कोरा कागद देतात. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, मग काहींनी तेच पुन्हा वाचलं आणि काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे. तुझं नेमकं हेच होतंय, रात्री येतं आणि पेपरला जातं.

मी काय करायचे ते सांगते, किडनीचंच घे. नोट्स बंद, कोरा कागद, मधोमध एक नेफ्रॉन (किडनीतली रक्त गाळणारी बारीक नळी) काढायचा, वाकडातिकडा चालेल. मग आकडे टाकायचे. मिनिटाला साधारण १२५ मिली रक्तद्रव गाळला जातो म्हणजे दिवसाला १८० लिटर, आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. आता स्वतःलाच विचार की बाकीचं गेलं कुठे? जवळपास दोन तृतीयांश पहिल्या ट्यूब्यूलमध्येच (नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या नळीत) परत घेतलं जातं, तिथल्या पेशींना ब्रशसारखी किनार आणि खच्चून मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) का असतात ते इथे आपोआप कळतं, वेगळं पाठ करावं लागत नाही. पुढे साखर. रक्तात डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम ग्लुकोज धरलं तर दिवसाला १८० ग्रॅम गाळली जाते (गुणाकार स्वतः करून बघ, फार बरं वाटतं) आणि ती जवळपास सगळी परत येते. पण ती परत आणणारे वाहक प्रोटीन मोजकेच, रक्तातली साखर १८० च्या वर गेली की ते अपुरे पडायला लागतात, साखर लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, माणसाला सारखी तहान लागते. आणि मग एसजीएलटी२ हा वाहकच मुद्दाम अडवला तर? तर ते डायबिटीसवरचं औषध झालं. त्या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनमध्ये आहे, १८३५ साली वेगळं केलेलं, हे कळलं तेव्हा मी मैत्रिणीला रात्री अकराला फोन करून सांगितलं होतं.

म्हणजे एका कागदावर तीन विषय झाले, फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी. माझं सगळं सांगणं एवढंच की प्रत्येक चॅप्टरला "हे बिघडलं तर काय होईल" हा प्रश्न विचार आणि उत्तर पुस्तक मिटून काढ. जिथे पेन अडेल तिथे लाल खूण करायची आणि फक्त तेवढंच पुन्हा वाचायचं. हायलाइटर ड्रॉवरमध्ये टाकून दे.

पाटी_पेन्सिल

कोरांटी यांना पूर्ण अनुमोदन. बायोकेमिस्ट्रीपुरतं माझं थोडं. ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज मोडून ऊर्जा काढण्याच्या) दहा पायऱ्या रांगेत पाठ करत बसू नकोस, आधी तीन गोष्टी धर: पेशीत कुठे घडतं, आत काय जाऊन बाहेर काय येतं, आणि ब्रेक कुठे लागतात. ब्रेक तीन एन्झाइमांपाशी, हेक्झोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुवेट कायनेज. मधली नावं नंतर आपोआप बसतात.

आणि मग हा पाथवे (पायऱ्यांची साखळी) एखाद्या पेशीत बसवून बघ. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नाहीत, म्हणजे तिचा सगळा एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) ग्लायकोलिसिसमधूनच. मग ज्याच्यात जन्मतः पायरुवेट कायनेज कमी आहे त्याच्या तांबड्या पेशी वेळेआधी फुटणार आणि अॅनिमिया होणार, हे तुला न वाचता सांगता आलं पाहिजे. मला परीक्षेत हा प्रश्न वेगळ्या शब्दांत आला होता आणि वर्गात पायऱ्या तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा अडली होती.

अॅपचं म्हणशील तर अॅन्की वापर, प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर आणतं. पण कार्डं स्वतः बनव, दुसऱ्याची आयती हजार कार्डं उतरवून घेतलीस तर तिसऱ्या दिवशी ढीग साचतो आणि सगळं सुटतं. एका कार्डावर एकच प्रश्न, रोज पंधरा-वीस मिनिटं, खाडा नाही. आणि कार्डं फक्त नावं, एन्झाइम, आकडे यांच्यासाठी, आकृतीचं काम कागदावरच होतं.

जुनी_प्रयोगवही

बारा वर्षं लॅबमध्ये आहे, म्हणून प्रॅक्टिकलचं बोलतो. रीडिंग्ज जुळत नाहीत याचं कारण दहात आठ वेळा पिपेट (द्रव मोजून ओढायचं साधन) असतं. नवीन मुलं काय करतात, प्लंजर (वरचं बटण) दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतात आणि मग टिप बुडवतात, त्यामुळे द्रव जास्तच ओढला जातो. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबायचं, टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, अंगठा हळूहळू सोडायचा, टिप लगेच बाहेर न काढता क्षणभर थांबायचं. दुसरा टप्पा फक्त बाहेर टाकताना, शेवटचा थेंब काढायला.

हात तपासायचा सोपा उपाय सांगतो. बारीक काट्यावर छोटं भांडं ठेव, शून्य कर आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाक, दर वेळचं वजन लिही. पाण्याचे १०० मायक्रोलिटर म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. वजनं इकडेतिकडे उडत असतील तर हाताला सवय हवी, आणि सगळी एकमेकांच्या जवळ पण एकाच बाजूला चुकलेली असतील तर पिपेटचं कॅलिब्रेशन बिघडलंय, लॅबच्या माणसाला सांग. अर्ध्या तासाचं काम आहे, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

दुसरं, स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या नमुन्यांवरून काढलेली रेघ. ब्रॅडफर्ड पद्धतीने प्रोटीन मोजताना ५९५ नॅनोमीटरला अॅब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला गेला) घेता ना, तर वरच्या टोकाला रेघ वाकायला लागते. तुझं सॅम्पल सगळ्यात वरच्या स्टँडर्डच्याही पुढे गेलं तर रेघ पुढे ओढून आकडा काढू नकोस, सॅम्पल पातळ करून पुन्हा मोज आणि तितक्या पटीने गुण. आणि वहीत जे झालं तेच लिही, टिप पडली तर पडली असं लिही. महिन्याने तो विचित्र आकडा कुठून आला ते फक्त ती ओळच सांगते. शेजारच्या ग्रुपचे आकडे उतरवायचा मोह होतो, पण त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

अबोली२

डॉक्टरच्या प्रश्नाबद्दल. डॉक्टर नाही होणार, सरळ सांगायचं. रक्ताचा नमुना, गाठीचा तुकडा, जंतूचं कल्चर यांत काय आहे ते शोधणारी, किंवा तो शोध घ्यायची नवी टेस्ट तयार करणारी माणसं या डिग्रीतून तयार होतात. पुढे डायग्नोस्टिक लॅब, संशोधन, क्लिनिकल ट्रायल, औषधांच्या मंजुरीचं काम असे रस्ते आहेत, मी स्वतः ट्रायलमध्ये आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्येच जायचं असेल तर मात्र एक गोष्ट आत्ताच बघ, तुझ्या देशात त्यासाठी रजिस्ट्रेशन लागतं का आणि तुझ्या कोर्सला मान्यता आहे का. शेवटच्या वर्षी कळलं तर फार उशीर होतो.

आणि एक कळकळीची विनंती, स्टॅटिस्टिक्स टाळू नकोस. समज एक आजार हजारात एकाला आहे आणि टेस्ट ९९ टक्के रुग्ण पकडते, निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह देते. हजार जणांची टेस्ट केली तर खरा रुग्ण एक आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले जवळजवळ पन्नास. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरंच आजार असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. त्या पन्नास जणांच्या घरी त्या रात्री काय वातावरण असेल विचार कर. आपण मोजत असलेल्या आकड्यामागे माणूस असतो.

रातकिडा

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी नोट्स कपाटात ठेवून नेफ्रॉन काढला. खरं सांगते, पहिल्या प्रयत्नात अर्ध्यातच पेन थांबलं, आणि हा चॅप्टर मी पाच वेळा वाचलाय! आज पुन्हा काढला तर हेनलेच्या वळशापर्यंत (नेफ्रॉनचा यू आकाराचा भाग) पोचले. तिथे अडकले. खाली जाणारी नळी पाणी सोडते आणि वर जाणारी मीठ, हे लिहिलं, पण दोन्ही एकाच नळीने का नाही करायचं ते कळत नाहीये. आणि लॅबमध्ये सोमवारी काटा वापरायची परवानगी मिळालीय.

कोरांटी

बरोबर जागी अडकलीस, तो वळसाच सगळ्यात अवघड. वर जाणारी जाड नळी मीठ बाहेर पंप करते पण पाण्याला दार बंद ठेवते, त्यामुळे बाहेरचा भाग खारट होतो. त्या खारटपणामुळे खाली जाणाऱ्या नळीतलं पाणी आपणहून बाहेर येतं, आतलं द्रव दाट होत खाली उतरतं आणि वळून त्याच पंपापाशी येतं, म्हणजे पंपाला आणखी दाट द्रव मिळतं. असं फिरत फिरत तळाशी १२०० मिलिऑस्मोलपर्यंत (द्रव किती दाट त्याचं माप) जातं, रक्त असतं ३०० च्या जवळपास. आता तूच सांग, वर जाणाऱ्या नळीने पाणीही सोडलं असतं तर बाहेर खारटपणा साचला असता का? कागदावर काढून बघ आणि मग इथे लिही, पुढे एडीएच (शरीरातलं पाणी राखणारं हार्मोन) कुठे काम करतं ते त्यावरूनच निघेल.