मदत हवी आहे: कोंकणी ४५ आरपीएम रेकॉर्डवरच्या ट्रम्पेटवाल्याचं नाव कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या ट्रंकेत एक सात इंची रेकॉर्ड सापडली आहे. एचएमव्हीची, ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे), भाषा कोंकणी. लेबलला कसर लागली आहे. कुत्र्याचं चित्र, '४५' आणि क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे एवढंच शाबूत आहे. गायकाचं नाव आणि गाण्याचे बोल जिथे छापलेले असणार, नेमका तोच भाग गेलाय. कव्हर साधं खाकी, त्यावर काही नाही.

पण मला गायक शोधायचा नाहीये. मला त्यात ट्रम्पेट वाजवणारा माणूस शोधायचा आहे, कारण तो मी पाहिलेला आहे.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. रोमन लिपीतली कोंकणी हस्तपत्रकं त्या छापखान्यात बरीच यायची, तियात्रांची, म्हणजे कोंकणी संगीत नाटकांची. बाबांना कोंकणी कळायची नाही, पण रोमन खिळे ते इतक्या सफाईने जुळवायचे की प्रुफात चूक निघत नसे. त्या कामातून एका गोवेकर वादकाशी त्यांची ओळख झाली. आम्ही मुलं त्यांना नुसतं 'अंकल' म्हणायचो. ते धोबी तलावला जेर महालात, त्यांच्या गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात राहायचे. ट्रम्पेटची काळी पेटी घेऊन चाळीत आले की आधी आईच्या हातचा चहा, मग गप्पा. पेटी उघडून आतला लाल मखमलीचा खण आम्हाला दाखवायचे, पण चाळीत वाजवायचे मात्र नाहीत. "इथे माणसं कामावरून येऊन झोपतात," म्हणायचे.

ही रेकॉर्ड त्यांनीच बाबांना दिली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, म्हणजे १९७२च्या आगेमागे. "यात मी आहे," असं म्हणाल्याचं मला पक्कं आठवतं. बाबांनी लेबल वाचून विचारलं, "तुमचं नाव कुठंय?" त्यावर ते म्हणाले, "आमचं नाव नाही घालत." पुढे त्यांना बोटीवरच्या बँडमध्ये काम मिळालं आणि ते गेले. चाळीत परत कधी आले नाहीत. बाबा गेल्याला आता नऊ वर्षं झाली, त्यामुळे विचारायला कुणी उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांच्या रेकॉर्ड प्लेयरवर ती एकदाच ऐकली. एका बाजूला जलद नाचाचं गाणं आहे. दुसऱ्या बाजूला संथ, पुरुषाच्या आवाजात, त्यात 'तारवटी' हा शब्द तीनदा येतो. दुसऱ्या कडव्यानंतर गायक थांबतो आणि ट्रम्पेट सुरू होतं, म्यूट लावून वाजवलेलं, दबक्या आवाजातलं. जेमतेम वीस सेकंदांचा तुकडा. शेवटचा सूर तो लांबवत नाही, मध्येच सोडून देतो आणि गायक तिथून उचलतो. ते वीस सेकंद ऐकताना मला ती लाल मखमल दिसली.

तर जाणकारांनी मदत करावी:

लेबल नसताना ही रेकॉर्ड कोणती आणि कुठल्या वर्षाची, हे कळू शकतं का? वादकांची नावं कुठे नोंदलेली असतात का? आणि ती न बिघडवता संगणकावर कशी घ्यायची? बाबांचीच एक ७८ची नाट्यगीताची रेकॉर्ड मी स्पिरिटने पुसली आणि तिची चकाकी जाऊन ती पांढुरकी झाली. तेव्हापासून या रेकॉर्डला हात लावायची भीती वाटते.

जुनी_पिन:

आधी ७८चं सांगतो. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून तसं झालं. तुमची ४५ व्हिनाइलची आहे, तिला तो धोका नाही. तरीही स्पिरिट नकोच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब टाका आणि मऊ सुती कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. उन्हात वाळवू नका, वाकडी होईल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेबलला पाणी लागू देऊ नका. उरलेले तीन आकडे हा तुमचा पुरावा आहे.

चावीच्या ग्रामोफोनवर ती चुकूनही लावू नका. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन लागते. ४५ची खाच बारीक, तिला १ मिल किंवा त्याहून बारीक. ग्रामोफोनची पोलादी पिन एका फेरीत ती खाच खरवडून काढेल.

ओळख पटवण्यासाठी लेबल विसरा. खाच जिथे संपते आणि लेबल जिथे सुरू होतं, त्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर तिरका उजेड पाडा. तिथे ठोकलेला किंवा कोरलेला एक क्रमांक दिसेल. तो मॅट्रिक्स क्रमांक. ज्या साच्यावरून रेकॉर्ड निघाली, त्याचा तो नंबर. दोन्ही बाजूंचा वेगवेगळा असतो. लेबलवरचा क्रमांक विक्रीसाठी असतो, हा ध्वनिमुद्रणाशी जोडलेला असतो. याच्या पुढचे-मागचे क्रमांक असलेल्या रेकॉर्ड्स कुणाच्या संग्रहात असतील आणि त्यांची वर्षं माहीत असतील, तर तुमचीही त्याच सुमाराची. अशा कामासाठी मुंबईतच सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी १९९० पासून रेकॉर्ड्सच्या याद्या आणि लेख छापले आहेत. दोन्ही मॅट्रिक्स क्रमांकांचे फोटो काढून त्यांना पाठवा.

संगणकावर घेताना २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ, जमलं तर ९६. फाइल वेव्हमध्ये ठेवा. खरखर काढायचा मोह आवरा. आधी आहे तशी प्रत जपून ठेवा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा. खरखर काढणारी सॉफ्टवेअर म्यूट लावलेल्या ट्रम्पेटची सळसळही खातात, आणि तुम्हाला तर तीच हवी आहे.

बोरीबंदर_ते_मडगाव:

ताई, तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. आमच्या घराघरात एक तरी असायचा. अशी गाणी खूप आहेत, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावरून गाणं सापडणार नाही.

कोंकणी रेकॉर्ड आणि ट्रम्पेट म्हटलं की लोक लगेच ख्रिस पेरींचं नाव घेतील. मडगावच्या बोर्ड्याचे, स्वतः ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचे. लॉर्ना गायच्या आणि संगीत पेरींचं, या गाण्यांनी आमची अख्खी पिढी नाचली. पण संगीतकार म्हणून नाव एकाचं असलं तरी बँडमध्ये आठ-दहा जण असायचे, ते कुणाला ठाऊक? मी तुमच्या बाजूने आहे, घाईने मोठ्या नावावर शिक्का मारू नका.

ही गोष्ट फक्त कोंकणी रेकॉर्डची नाही. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना लहानपणीच स्वरलिपी शिकवायचे, म्हणून मुंबईत हॉटेलांच्या बँडपासून सिनेमाच्या वाद्यवृंदापर्यंत आमची माणसं भरलेली होती. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट 'अलबेला' सिनेमात वाद्यवृंदासकट पडद्यावर दिसतात, म्हणून निदान चेहरा राहिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचं नाव सगळ्या देशाला १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे पाठ झालं, पण असा माणूस खरोखर आहे हे कितीजणांना माहीत होतं? ज्यांच्या नावावर गाणंही निघालं नाही, त्यांचं काय?

आता कामाचं बोलतो. तुमच्या हातात लेबलपेक्षा मोठा धागा आहे, तो म्हणजे कूड. कूड ही गावची असते. अमुक गावचा माणूस अमुक कुडीतच राहणार. तिथे वेदी असते, संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात, आणि गावच्या सायबाचं, म्हणजे गावच्या संताचं, फेस्त (सण) मुंबईतही होतं. जेर महालात अनेक गावांच्या कुडी आहेत. अंकलची कूड कुठली ते कळलं तर गाव कळेल, गाव कळलं तर चर्चची बाप्तिस्म्याची वही आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी ते काही गोडधोड आणायचे का, आठवून पाहा.

धागाकर्ती:

तुम्ही विचारलंत आणि मी अर्धा तास तशीच बसून राहिले. आणायचे! गणपतीच्या आधी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. नारळाची बर्फीसारखी मिठाई. माझ्या धाकट्या भावाचा वाढदिवस २४ ऑगस्टला असतो आणि आई म्हणायची, अंकलना न सांगताच लक्षात राहतो. म्हणजे ते वाढदिवसासाठी येत नव्हते तर!

बोरीबंदर_ते_मडगाव:

२४ ऑगस्ट म्हणजे सेंट बार्थोलोम्यूचं फेस्त. गोव्यात चोडण बेटावर त्यांच्या नावाचं चर्च आहे. लगेच खात्री धरू नका, पण सुरुवात तिथून करा. ती मिठाई दोस किंवा कोकाद असणार. आधी जेर महालात जाऊन चोडणची कूड कुठली ते विचारा. म्हातारे कारभारी दुपारी चारनंतर भेटतात, सकाळी जाऊ नका. गोव्यात यायचं झालं तर रायबंदरहून फेरीबोट आहे.

आणि एक. तुमचे बाबा कंपोझिटर होते म्हणता. पत्रकांची एखादी प्रत त्यांनी ठेवली असेल का? तियात्राच्या पत्रकावर नटांच्या खाली कधी कधी बँडचंही नाव असतं.

कायद्याची_वही:

हे ऑनलाइन टाकायचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं असतो. रेकॉर्ड १९७०ची निघाली तर २०३० संपेपर्यंत. शिवाय गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. घरी प्रत जपायला आणि ओळख पटवण्यासाठी एखाद्याला तुकडा ऐकवायला अडचण येऊ नये, पण अख्खं गाणं सगळ्यांसाठी चढवू नका. वादकांसाठी 'कलाकाराचा हक्क' कायद्यात आला तो १९९४च्या दुरुस्तीने. अंकलच्या वेळी तो नव्हता.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांची ट्रंक पुन्हा उपसली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली अकरा पत्रकं निघाली, शाईचा वास अजून आहे. बाबांनी प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख टाकली आहे. १९६८ ते १९७३. नऊ पत्रकांवर वादकांचा उल्लेख नाही. दोनांवर शेवटच्या ओळीत बँडमधल्या पाच जणांची नावं आहेत, वाद्यासकट, आणि दोन्हींवर ट्रम्पेटपुढे एकच नाव आहे. पत्रकात जागा उरली की बाबा स्वतःहून एक ओळ वाढवायला सांगायचे, असं तेच म्हणायचे. हीच ती ओळ असेल का?

नाव इथे लिहीत नाही. आधी त्यांच्या घरच्यांना विचारेन, ते हो म्हणाले तर लिहीन. मॅट्रिक्स क्रमांक दोन्ही बाजूंचे वाचता आले, फोटो आजच पाठवते आहे. येत्या रविवारी चार वाजता मी जेर महालात असेन, दोन्ही पत्रकं आणि फोनमध्ये ते वीस सेकंद घेऊन. तिथली वाट माहीत असलेलं कुणी सोबत येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जिना अरुंद आहे आणि माझे गुडघे दुखतात.