खांब बदलला, वर्क ऑर्डर परत आली. काढलेल्या खांबाचा खर्च कुठे टाकायचा?

रातपाळी_पर्वरी

नमस्कार मंडळी. पर्वरीला एका ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेची पुस्तकं लिहिते. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन, कारण तेव्हा तिकडे सकाळचे आठ वाजतात. एम.कॉम. झाल्यावर दोन वर्षं काजूच्या कारखान्यात स्टॉक सांभाळला. विजेशी माझा संबंध दर महिन्याच्या बिलापुरता.

आतापर्यंत टाइमशीट आणि मालाच्या चिठ्ठ्या चढवत होते. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण वर्क ऑर्डर बंद करायला मिळाली. वादळानंतरचं काम आहे. तीन लाकडी खांब बदललेत, ४० फुटी काढून ४५ फुटी उभे केलेत. चौथ्या खांबाचा नुसता क्रॉसआर्म, म्हणजे तारा धरणारा आडवा दांडा बदलला, खांब तोच. आणि एका ठिकाणी ट्रान्सफॉर्मर उतरवून मोठा चढवला. चार माणसं, दोन दिवस, ६४ तास. मजुरी ६,४०० डॉलर, ट्रकचे १,९२०, माल ५,२८०. एकूण १३,६००.

मी सगळी रक्कम १०७.२ ला टाकली, म्हणजे आपण ज्याला कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस म्हणतो ते. काम बांधकामाचं, तर खर्चही बांधकामाचा, एवढाच विचार केला. तिकडच्या सीनियर बाईंनी एका ओळीत परत पाठवली: 'आणि काढलेल्याचं काय?'

टाइमशीटवर ६४ तासांचा एकच आकडा आहे. घालायला किती गेले आणि काढायला किती, कुणी लिहिलेलंच नाही. जुने खांब कधीचे, केवढ्याला घेतलेले, तेही माहीत नाही. इथे कुणाला विचारावं तर सगळे पेरोलवाले. रात्री दोन वाजता मशीनचा चहा पिऊन डोकं चालत नाही. कुणी या लाइनमधलं असेल तर सांगा.

मडगावचा_सीए

सोपं आहे. ७० टक्के नवीन, ३० टक्के काढणं धरून टाका आणि पुढे चला. जुन्या खांबांची राहिलेली पुस्तकी किंमत तोटा म्हणून नफा-तोटा खात्यात. आपलं लेखा-मानक इंड एएस १६ तेच सांगतं, मालमत्ता गेली की फरक नफा-तोट्याला.

रिटायरमेंट_युनिट

सीए साहेब, माफ करा, पण इथे ते चालणार नाही. मी आठ वर्षं अमेरिकन वीज कंपन्यांचंच काम करतो, सध्या फोंड्यातून.

ग्रामीण सहकारी संस्था बहुतेक आरयूएसच्या कर्जावर चालतात, म्हणजे त्यांच्या शेती खात्याखालची ग्रामीण सुविधांची यंत्रणा, आणि खातेयादीही तिचीच. त्या यादीत खांब, तारा ही गटातली मालमत्ता. नेहमीच्या झीज-मोडीत एक खांब गेला म्हणून नफा-तोट्याला काही जात नाही. मूळ किंमत मालमत्तेच्या खात्यातून जमा करायची आणि तीच घसाऱ्याच्या साठ्याला नावे. काढण्याचा खर्चही साठ्यालाच नावे, भंगाराचे पैसे साठ्यालाच जमा. कुठला खांब ५० वर्षं टिकतो, कुठला १५ वर्षांत जातो, घसाऱ्याचा दर सरासरीने ठरलेला असतो.

आता तुमची ऑर्डर. यात एक नाही, चार कामं आहेत.

नवे तीन खांब १०७.२ ला, बरोबर. काढण्याची मजुरी १०८.८ ला, म्हणजे चालू निवृत्ती-कामाच्या खात्याला; निवृत्ती म्हणजे जुनी मालमत्ता वापरातून काढणं. बदलीच्या कामाला बांधकामाची एक आणि निवृत्तीची एक अशा दोन वर्क ऑर्डर असतात. तुम्हाला दुसरीचा नंबर दिला नव्हता का? बघा, बहुतेक फाइलीत असेल.

क्रॉसआर्म एकटाच बदलला ना? मग तो ५९३, लाइन देखभाल. निवृत्तीच्या यादीत खांब हे युनिट आहे, क्रॉसआर्म ही त्याची किरकोळ वस्तू. खांबाबरोबर बदलला तर खांबाबरोबर भांडवली, एकटा बदलला तर देखभाल. वादळामुळे झालं की आणखी कशामुळे, त्याने फरक पडत नाही.

ट्रान्सफॉर्मरवर सगळेच फसतात, मीही फसलो होतो. तो विकत घेतला त्याच दिवशी ३६८ ला, ट्रान्सफॉर्मरच्या मालमत्ता खात्याला चढतो, पहिल्यांदा बसवायच्या खर्चासकट. त्यानंतर शंभरदा उतरवा-चढवा, ती मजुरी ५८३, चालू खर्च. उतरवलेला यार्डात पडून असला तरी ३६८ मध्येच राहतो, भंगारात निघेपर्यंत. तुमच्या मालाच्या ५,२८० मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही, हे लक्षात आलं का? म्हणूनच नाही.

राहिले तास. अंदाजे टक्के धरू नका. स्टेकिंग शीट मागवा. जागेवर काय घातलं, काय काढलं ते खांबागणिक त्यात असतं. प्रत्येक युनिटचे प्रमाण तास संस्थेकडे असतात, त्या प्रमाणात ६४ वाटा. जुन्या खांबाची किंमत मालमत्ता नोंदवहीत सरासरी दराने मिळेल, अमुकच खांब शोधू नका.

निवृत्त_डिचोली

बाय, तुझा प्रश्न वाचून हसलो. आमच्या वेळी डॉलर नव्हते, बाकी सगळं हेच.

मी सरकारी बांधकामांच्या हिशोबात ३१ वर्षं काढली. कुठल्या विभागात ते राहू दे. सत्तरी तालुक्यात एक ११ केव्हीची लाइन शेतातून काढून रस्त्याच्या कडेला आणली. नव्या लाइनीची नोंद मेजरमेंट बुकात पैशापर्यंत. खड्डे, खांब, इन्सुलेटर, स्टे, सगळं. जुनी लाइन उतरवली तिची एक ओळ नाही. तार गुंडाळून स्टोअरच्या मागे टाकली. ज्युनियर इंजिनियरची बदली झाली, दोन पावसाळे गेले, तारेवर वेल चढला.

मग ऑडिट आलं. ऑडिटर तरुण होता, पण पक्का. त्याने नकाशावर पट्टी ठेवली. लांबी १.२ किलोमीटर, तारा तीन, म्हणजे ३.६ किलोमीटर. तार रॅबिट नावाच्या जातीची, किलोमीटरला साधारण २१४ किलो. तोंडीच म्हणाला, ७७० किलो दाखवा. आम्ही वेल तोडून काटा केला तर ५४० भरली. उरलेली कुठे गेली त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कागदावर सही मात्र माझी होती. ते प्रकरण मिटायला चार वर्षं लागली. आजही रस्त्याकडेला तारेचं भेंडोळं दिसलं की मी मनात वजन करतो. बायको म्हणते, भंगारवाल्याकडे नोकरी धर.

घालणारा मनुष्य घातलेलं लिहितो, कारण त्याचे पैसे त्यावर आहेत. काढलेलं लिहून त्याला काय मिळतं? तेव्हा स्टेकिंग शीट आली तरी काढलेल्या बाजूला आधी बघ. तिकडे कोरं असेल तर मुकादमाला फोन कर. ईमेल नको, फोन.

रातपाळी_पर्वरी

रिटायरमेंट_युनिट सर, निवृत्तीचा नंबर खरंच फाइलीत होता, पान दोनवर. लाज वाटली.

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. शीटवर नवे तीन खांब स्वच्छ, काढलेले दोनच. मुकादमाला फोन लावला. त्याचा उच्चार कळायला पहिली पाच मिनिटं गेली. तिसरा खांब मुळाशी मोडून ओढ्यात पडला होता, तो दुसऱ्या दिवशी काढला आणि लिहायचा राहिला.

आता प्रमाण तास: नवे खांब प्रत्येकी ९ प्रमाणे २७, काढणे प्रत्येकी ४ प्रमाणे १२, ट्रान्सफॉर्मर ६, क्रॉसआर्म ३. बेरीज ४८. प्रत्यक्ष ६४, त्या प्रमाणात वाटले तर ३६, १६, ८ आणि ४. ट्रकही तसाच वाटला. मालात १८० डॉलर क्रॉसआर्मचे, बाकी ५,१०० खांबांचे.

१०७.२ : ३,६०० + १,०८० + ५,१०० = ९,७८०
१०८.८ : १,६०० + ४८० = २,०८०
५८३ : ८०० + २४० = १,०४०
५९३ : ४०० + १२० + १८० = ७००

एकूण १३,६००, जुळलं. म्हणजे मी ३,८२० डॉलर मालमत्तेत फुगवले होते.

जुने खांब नोंदवहीत सरासरी ३१०, तिघांचे ९३०. ते ३६४ ला, खांबांच्या मालमत्ता खात्याला जमा, १०८.८ ला नावे. एका शेतकऱ्याने कुंपणाला दोन खांब नेले, त्याचे ६० जमा. १०८.८ मध्ये राहिले २,९५०, ते १०८.६ ला, वितरणाच्या घसारा साठ्यात. बरोबर?

रिटायरमेंट_युनिट

बरोबर. पाठवा. कर्जाच्या मागणीसाठी फॉर्म २१९ भरतात, त्यात बांधकाम आणि काढणं वेगळ्या रकान्यात लागतं. सीनियर बाई त्यासाठीच अडून बसल्या असणार.

मडगावचा_सीए

७०-३० चं विधान मागे घेतो. तुमच्या आकड्यांत खांब घालणं-काढणं ३६ ला १६ पडलं, म्हणजे साधारण ६९-३१. मी फार चुकलो नव्हतो ;-) पण क्रॉसआर्म आणि ट्रान्सफॉर्मर माझ्या हिशोबात आलेच नव्हते, ते मान्य.

खड्डा_दीड_मीटर

मी पेडण्याकडे लाइनीची कंत्राटं घेतो, हिशोबातलं कळत नाही. पण काढायला ४ तास, घालायला ९, हे आमच्याकडे उलटं होईल. आमचा ९ मीटरचा सिमेंटचा खांब दीड मीटर जमिनीत असतो. जांभ्यात रुतलेला आणि मुळाशी मोडलेला असला तर बुंधा काढण्यातच दिवस जातो. तौक्ते वादळानंतर, मे २०२१ ला, आम्ही बुंधे तसेच ठेवून बाजूला नवे खड्डे मारले. तिसरा खांब ओढ्यात पडला म्हणता, त्याचा बुंधा काढला की तिथेच सोडला?

रातपाळी_पर्वरी

दादा, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आज परत फोन केला. बुंधा तिथेच आहे. जमीनमालक ओरडतोय म्हणून पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. म्हणजे १०८.८ बंद करायचा नाही, तो खर्च यायचाय. बांधकामाची बाजू तेवढी बंद केली, निवृत्तीची उघडी ठेवली.

सीनियर बाईंचं उत्तर आत्ताच आलं. एकच शब्द, 'ओके'. खाली जोडपत्र: गेल्या वर्षी माझ्या आधीच्या माणसाने बंद केलेल्या चौदा वर्क ऑर्डर. सगळ्या १०७.२.