ऑफिसातल्या कॉफी मशीनच्या पॉडचा कचरा कसा कमी करावा?

परसोडीवाली: आयटी पार्कात आमचं छोटं ऑफिस आहे. पँट्रीत एकेका कपाची पॉडवाली मशीन आहे. कप भरला की पॉड बादलीत. आत ओला चोथा, वर अ‍ॅल्युमिनियमची झिल्ली, बाहेर प्लास्टिक, सगळं एकमेकांना चिकटलेलं. कबाडीवाल्या भाऊंनी एक पॉड उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "हे सोलत कोन बसन जी?" त्यांचं बरोबरच आहे. मग सगळं भांडेवाडीला, नागपूरच्या कचरा डेपोत जातं. दोन चमचे पावडरीसाठी एवढा कचरा, मला खरंच सहन होत नाही. साहेब मशीन काढणार नाहीत आणि पँट्रीतल्या मावशींवर जास्तीचं काम टाकायचं नाही. काय करू?

फिल्टरप्रेमी: ताई, स्टीलची पुन्हा भरायची कॅप्सूल, म्हणजे पॉडच, घ्या. मॉडेल बघूनच घ्या, एका मशीनची दुसरीला बसत नाही. पावडर बारीक रव्यासारखी हवी. फार बारीक असली तर पाणी अडतं, जाड असली तर कॉफी पाणचट होते. काठोकाठ भरू नका. ज्याला कॉफी हवी त्यानंच भरायची आणि धुवायची, मावशींनी नाही.

गच्चीबाग: 'कंपोस्टेबल' पॉडच्या नादी लागू नका. त्यातले बरेचसे पीएलएचे, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचे असतात. ते कुजायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता टिकून राहणारा मोठा प्रकल्प लागतो, कुंडीत महिनोन्‌महिने तसेच राहतात. चोथा मात्र खतासाठी सोनं आहे, त्यात नायट्रोजन असतो. दुप्पट-तिप्पट वाळका पाला मिसळा, नाहीतर बुरशी धरते.

सदरकर: साहेबांना सांगा, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं २०१६ मध्येच सरकारी पैशातून कॉफी कॅप्सूल घेणं बंद केलं. आणि सकाळची गर्दी मशीनवर कशाला? पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, काढून ठेवा. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवलं की दुपारी कोल्ड कॉफी तयार.

परसोडीवाली: सगळ्यांचे आभार. फिल्टर माझ्या घरचाच आणते, डिकॉक्शन मी आल्या आल्या लावीन. स्टीलची कॅप्सूल आधी एकच मागवते, गळती नाही ना ते बघून बाकीच्या. पॉडची पुढची ऑर्डर माझ्याच सहीनं जाते, ती थांबवली आहे. उरलेले पॉड संपेपर्यंत झिल्ली काढून चोथा वेगळा करू. धुतलेले प्लास्टिक कप, तळाशी ५ आकडा (म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक) असलेले, नागपुरात कोणी घेतं का? पत्ता असेल तर इथंच टाका.