टेन्शनने इसब वाढतो तो नक्की कसा?

पाऊलवाट: लेकीला लहानपणापासून इसब आहे, कोपराच्या आत आणि गुडघ्याच्या लवणीत. मधली वर्षं बरी गेली पण बारावी सुरू झाली आणि परत उसळलाय, झोपेत खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नको. घरी येऊन रडली, म्हणजे सगळे माझ्या मनाचे खेळ का म्हणे. कुणी नीट सांगेल का?

निळी शाई: मनाचे खेळ अजिबात नाहीत, हे तिला आधी सांगा प्लीज. इसबात मुळात त्वचेचा बांधच कच्चा असतो, बऱ्याच जणांच्या फिलॅग्रिनच्या (हा बांध घट्ट ठेवणारं प्रथिन) जनुकात दोष असतो, हे २००६ मध्ये कळलं. मग साबण, धूळ आत शिरते, प्रतिकारशक्ती भडकते, आयएल-४ आणि आयएल-१३ ही सूज पेटवणारी रसायनं सुटतात आणि ती तो बांध अजून कच्चा करतात, त्यांच्याच जातीचं आयएल-३१ तर थेट खाजेच्या नसांनाच डिवचतं. टेन्शनमुळे इसब जन्माला येत नाही, पण असलेला पेटतो. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते हार्मोन, एरवी सूज आवरतं, पण ताण महिनोन्महिने राहिला की तो लगाम सैल पडतो, त्वचेतल्या नसांमधून सबस्टन्स पी नावाचं रसायन सुटतं, त्याने मास्ट पेशी (खाज आणणारं हिस्टामिन सोडणाऱ्या) चेकाळतात, आणि खाजवून फाटलेली कातडी भरून यायलाही वेळ लागतो. त्यात झोप नाही, म्हणून अजून ताण.

दुपारचा चहा: जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर इसबाच्या पेशंटची पाहणी झाली होती. जास्त नुकसान झालेल्या भागात ३८ टक्के जणांचा इसब वाढला, नुकसान न झालेल्या भागात फक्त ७ टक्के. थोड्या जणांचा उलट कमीही झाला, त्यामुळे तिचं तिच्यापुरतं बघा, कशाने वाढतो ते.

रानमोगरा: वर्षानुवर्षं खाजवून कातडी जाड, काळपट होते आणि मग तीच जागा सारखी खाजते, म्हणून आत्ताच आवरा. आंघोळ कोमट पाण्याची, अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर, नखं बारीक कापलेली. मेडिकलवाल्याने दिलेली मिक्स क्रीम कृपया लावू नका, त्यात बऱ्याचदा कडक स्टिरॉइड असतं. आणि डॉक्टरांना हे नक्की विचारा की इसब शांत झाल्यावरही नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोनदा औषध चालू ठेवायचं का, परीक्षेच्या आधीपासून तसं केलं तर पुढचा भडका टळू शकतो.