तुमचे पहिले राक्षसाचे मॉडेल किट कोणते?

प्रश्न: ऑरोरा कंपनीने 1961 मध्ये फ्रँकेनस्टाईनच्या राक्षसाचे प्लॅस्टिकचे किट (सुटे भाग जोडून मूर्ती बनवण्याचा संच) बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी रक्तपिपासू ड्रॅक्युला व लांडगा-मानव वुल्फमॅन आले. लहानपणी आपल्या हाती प्रथम कोणते लागले?

उत्तर 1: फ्रँकेनस्टाईनच. जेम्स बामा यांनी रंगवलेले खोक्यावरचे चित्र इतके जिवंत होते की सुटे भाग बाहेर काढण्याआधी मी ते बराच वेळ न्याहाळत बसलो, आणि खरे सांगायचे तर जोडलेल्या मूर्तीपेक्षा मला आजही ते चित्रच श्रेष्ठ वाटते.

उत्तर 2: माझा वुल्फमॅन. पॉलिस्टायरीनचा (किटच्या प्लॅस्टिकचा) पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करणाऱ्या त्या चिकटद्रव्याचा उग्र वास अजून आठवतो.

उत्तर 3: माझी सुरुवात अंधारात चमकणाऱ्या भागांच्या नंतरच्या आवृत्तीपासून झाली. ते भाग मी मुद्दाम रंगवले नाहीत, कारण रंगाखाली चमक झाकली जाते.