‘३८ डिग्रीला मरतात म्हणे युरोपवाले!’ या पोस्टला उत्तर

पॅरिसकर: पोस्ट वाचून डोकं फिरलं. ‘चंद्रपूर-ब्रह्मपुरीत ४६ ला लोक कामावर जातात, युरोपवाले नाजूक.’ २००३ च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये जवळपास १५ हजार माणसं गेली, बहुतेक म्हातारी. माझी खोली शेवटच्या मजल्यावर, थेट जस्ताच्या पत्र्याखाली. मध्यरात्री भिंतीला हात लावला तर चटका बसतो. छताला पंख्याचा हूकसुद्धा नाही. इथली घरं थंडी अडवायला बांधलीत. यात नाजूकपणा कुठे आला?

वऱ्हाडी: पोस्ट माझीच. तुमच्याकडे आकडा तरी निघाला! आमच्याकडे वीटभट्टीवरचा मजूर उन्हानं गेला की कागदावर ‘हृदयविकार’. माझ्या सख्ख्या काकांचं तेच झालं. भर दुपारी शेतात पडले, अंग तव्यासारखं तापलेलं. उष्माघाताचं नाव कुणी काढलं नाही. आणि नाजूक नाही तर काय? आम्ही वाळ्याचा कूलर लावतो आन् झोपतो.

रत्नांग्रीकर: कूलरचं कौतुक विदर्भातच ठेवा. आमच्याकडे कूलर लावला की खोली दमट होते, गादी ओली लागते, घाम सुकतच नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं? उगाच नाही हवामान खात्यानं किनाऱ्याला उष्णतेच्या लाटेची मर्यादा ३७ ठेवली आणि तुम्हाला ४०.

वऱ्हाडी: ३७ ला आम्ही स्वेटर काढतो! सहा-सहा तास लाइट नसते, तेव्हा कूलरही बंद. ते कोकणात बसून कळणार नाही.

रत्नांग्रीकर: स्वेटर? एप्रिल २०२३, खारघर. पुरस्कार सोहळ्याला उन्हात बसलेले १४ जण गेले. पारा चाळिशीच्या आतच होता. त्यांनाही नाजूक म्हणा आता.

वऱ्हाडी: खारघर काढू नका. ...ठीक आहे, दमट हवेचं मान्य. पण ते १४ मोजले गेले, कारण कॅमेरे होते. माझे काका कुठे मोजले?

पॅरिसकर: मोजता येतात, दादा. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातले मृत्यू नेहमीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तर १,३४४ जास्त निघाले. दाखल्यावर काय लिहिलंय याची गरजच पडली नाही. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. हेच चंद्रपूरसाठी मागा. युरोपची ओळ तेवढी काढा, मी पोस्ट पुढे पाठवते.

वऱ्हाडी: ओळ काढतो. कूलरवरचं मत तसंच राहील.