‘ममी’ ती, राजा तो: मग लिहायचं कसं?

धागाकर्ती: इजिप्शियन दालनांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. ब्रिटनमधली काही संग्रहालयं आता ‘ममी’ टाळून ‘ममीकरण केलेली व्यक्ती’ असं लिहितात. काचेमागे वस्तू नाही, माणूस आहे, हे लक्षात राहावं म्हणून. मराठीत फार बोजड होतंय. काय करू?

नाईलकाठ: खरी गोची क्रियापदात आहे. ‘दुसऱ्या रामसेसची ममी मांडली आहे’ म्हटलं की राजा गायब, स्त्रीलिंगी वस्तू शिल्लक. शिवाय माल मांडतात, माणूस नाही. नावच कर्ता करा. १९७६ साली बुरशीवर उपचारांसाठी रामसेस पॅरिसला गेले, विमानतळावर लष्करी मानवंदना मिळाली. (पासपोर्टचा फोटो फिरतो तो बनावट.) २०२१ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयातून अठरा राजे नि चार राण्या कैरोतल्याच फुस्तात भागातल्या दुसऱ्या संग्रहालयात हलल्या. प्रत्येकाला नाव लिहिलेली स्वतंत्र गाडी, वर एकवीस तोफांची सलामी! तिथे ‘ममी हलवल्या’ अगदीच कोरडं वाटतं.

बडोदेकर: ‘पार्थिव’ चालेल का?

नाईलकाठ: नको. पार्थिव म्हटलं की अंत्यदर्शन आणि पुढे अंत्यसंस्कार आलेच. ‘कलेवर’ कवितेत शोभतं. साधं ‘जतन केलेला देह’ लिहा.

बडोदेकर: पण आमच्या बडोद्याच्या संग्रहालयातून परतणारा प्रत्येक जण ‘ममी बघितली’ असंच सांगतो. शब्दाने काय घोडं मारलंय?

जुना टंक: थोडं मारलंय. फारसीत मूम म्हणजे मेण, मूमिया म्हणजे डांबरासारखं औषधी द्रव्य. हिंदीतली मोमियाई तीच. काळे पडलेले देह डांबर फासल्यासारखे वाटले आणि द्रव्याचं नाव देहाला चिकटलं. युरोपात औषधवाले त्यांची पूडही विकत. तरी शीर्षकात ‘ममी’ राहू दे, नाहीतर वाचक फिरकायचा नाही.

धागाकर्ती: आणखी एक. २००८ साली मँचेस्टरच्या संग्रहालयाने उघडे देह कापडाने झाकले, लोक भडकले, मग काही अंशी उघडे केले. ‘पांघरूण घातलं’ लिहू?

जुना टंक: अजिबात नको, प्रकरण दडपल्यासारखं वाटेल! ‘कापडाने झाकले’ पुरे. कैरोत १९८० साली इजिप्तचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी राजांच्या ममींचं दालनच बंद करायला लावलं, ते १९९४ मध्ये उघडलं. तिथे ‘बंद’ हाच शब्द बरोबर.

धागाकर्ती: शवपेटी की सार्कोफॅगस?

नाईलकाठ: लाकडी असेल तर शवपेटी, दगडी असेल तर सार्कोफॅगस.